टक्का लहान, भूक मोठी

घरातल्या धान्याचा हिशोब सोपा असतो. शेतातून किती आले, बाजारातून किती आणले, कुणाला किती दिले आणि कणगीत किती उरले, एवढे कळले की पुढचे वर्ष कसे जाणार याचा अंदाज घरातल्या बाईला बरोबर येतो. देशाचा हिशोबही कागदावर असाच मांडतात. देशात पिकलेल्या धान्यातून बियाणे, जनावरांचे खाद्य आणि नासाडी यांसाठी काही भाग वजा करायचा. आपल्याकडे वर्षानुवर्षे तो साडेबारा टक्के धरत आले. उरलेल्यात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, सरकारी गोदामात गेले किंवा तिथून निघाले ते जमेस धरायचे आणि आलेल्या आकड्याला लोकसंख्येने भागायचे. या हिशोबाने १९५१ साली भारतात माणशी दररोज सुमारे ३९५ ग्रॅम धान्य व डाळी उपलब्ध होत्या. १९६१ साली हा आकडा सुमारे ४६९ ग्रॅम झाला. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना जवळजवळ सगळ्या देशांचे असे ताळेबंद दर वर्षी तयार करते.

हा ताळेबंद उपयोगाचा आहे, यात शंका नाही. पण त्यातला एखादा टक्का उचलून देशाचे पोट भरलेले आहे की रिकामे, हे ठरवायला गेलो तर फसगत होते. सिंगापूर आपल्या अन्नापैकी ९० टक्क्यांहून अधिक बाहेरून आणते. तिथे कुणी उपाशी मरत नाही. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटन आपल्या गव्हापैकी सुमारे ८० टक्के गहू परदेशातून आणत होता आणि तरीही जगातला सर्वांत बलाढ्य देश होता. उलट, १९४३ साली बंगालच्या ताळेबंदात तूट दिसते ती जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. आणि त्या वर्षी तिथे लाखो माणसे अन्नान्न करून मेली.

हे असे का होते? आयात-निर्यातीचा लहानसा टक्का कधी निरुपद्रवी ठरतो आणि कधी जीवघेणा? गेल्या दीडशे वर्षांतला आपला स्वतःचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर चांगले देतो, कारण या काळात आपण धान्य विकणारे होतो, मग मागणारे झालो आणि पुन्हा विकणारे झालो.

एकच अधिकारी, दोन दुष्काळ

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. त्याआधी हिंदुस्थानातला गहू आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने प्रवास करत असे. वाटेत त्याला कीड लागे आणि तो परवडतही नसे. कालव्याने अंतर कमी केले, आगगाडीने शेत आणि बंदर जोडले, आणि १८७३ साली सरकारने गव्हावरचा निर्यातकर काढून टाकला. ब्रिटनने १८४६ सालीच धान्य-आयातीवरचे जाचक कायदे रद्द करून आपल्या कामगारांना बाहेरच्या गव्हावर पोसायचे ठरवले होते. त्या मागणीला आता पंजाब, संयुक्त प्रांत आणि मध्य प्रांतातला गहू मिळू लागला.

याच सुमारास, १८७३-७४ साली, बिहार आणि बंगालच्या उत्तर भागात पीक बुडाले. बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी तांदळाची निर्यात बंद करा असा आग्रह धरला. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी तो मानला नाही. व्यापारात हात घालायचा नाही, हे त्यांचे तत्त्व होते. पण दुसरीकडे त्यांनी सरकारी पैशाने ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ विकत घेतला. तो गावोगाव पोहोचवण्याची जबाबदारी सर रिचर्ड टेंपल यांच्यावर होती. त्यांनी ती चोख पार पाडली आणि त्या दुष्काळात भूकबळी जवळजवळ पडले नाहीत. बक्षीस म्हणून टेंपलसाहेबांना मिळाली ती टीका. एवढा पैसा उधळायची गरज होती का, असे लंडनमध्ये विचारले गेले.

तीन वर्षांनी दख्खन, कर्नाटक आणि मद्रास इलाख्यात त्याहून भीषण दुष्काळ पडला. आता व्हाइसरॉय लॉर्ड लिटन होते आणि दुष्काळी भागांत खर्चाला आवर घालायला पाठवले गेले तेच रिचर्ड टेंपल. मागच्या टीकेचा धडा त्यांनी नको इतका मनावर घेतला होता. दुष्काळी कामावर दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याइतकी मजुरी आणि वर थोडे पैसे, असा दर त्यांनी ठरवला. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. मुंबई इलाख्यात या दराविरुद्ध मजुरांनी हजारोंच्या संख्येने काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे निवेदनांमागून निवेदने पाठवली. दुष्काळाची इतकी तपशीलवार नोंद त्या काळी दुसऱ्या कुठल्याही बिनसरकारी संस्थेने क्वचितच केली असेल.

या दुष्काळाच्या काळात, १८७७-७८ साली, हिंदुस्थानातून तीन लाख टनांहून अधिक गहू निर्यात झाला. तोवरचा तो उच्चांक होता. मृतांचा आकडा सावधपणे धरला तरी पन्नास लाखांच्या पुढे जातो.

आता ताळेबंद पाहा. या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली हिशोब केला. त्यानुसार हिंदुस्थानात सरासरी वर्षाला सुमारे पाच कोटी टन धान्य पिकत होते आणि गरज भागून पन्नास लाख टनांच्या आसपास शिल्लक राहत होते. तीन लाख टन निर्यात म्हणजे उत्पादनाच्या एक टक्क्याहूनही कमी! मग एवढ्या निर्यातीने दुष्काळ पडला असे म्हणायचे का? नुसत्या निर्यातीने पडला असे म्हणता येणार नाही. निर्यात १८७४ मध्येही चालूच होती. फरक होता तो सरकारने विकत घेऊन लोकांपर्यंत पोहोचवलेल्या साडेचार लाख टनांचा. ज्याच्या हातात पैसा नाही त्याच्यासाठी बाजारातले धान्य लंडनला गेले काय आणि मुंबईच्या गोदामात राहिले काय, सारखेच.

आयोगाच्याही हे ध्यानात आले होते. दुष्काळात धान्याआधी रोजगार नाहीसा होतो, हे त्यांनी मान्य केले आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली: पीक बुडाले की काम काढा, मजुरी द्या, म्हणजे धान्य आपोआप त्या मजुरीकडे येईल. दादाभाई नौरोजींनी हाच मुद्दा वेगळ्या बाजूने मांडला. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी देशाचे दरडोई उत्पन्न काढले आणि ते तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिले. सर्वसामान्य रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या देशाच्या शिलकीचा हिशोब सरकार मांडत होते, त्या देशातल्या माणसाला ती शिल्लक विकत घ्यायची ऐपत नव्हती.

ब्रह्मदेशचा तांदूळ आणि कलकत्त्याचा रस्ता

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानची गव्हाची निर्यात वर्षाला वीस लाख टनांपर्यंत पोहोचली होती. पण पुढे लोकसंख्या वाढली, पिके त्या वेगाने वाढली नाहीत, आणि १९३०च्या दशकात चित्र उलटले. १९३७ साली ब्रह्मदेश वेगळा झाल्यावर तर तिथला तांदूळ कागदोपत्रीही परदेशी झाला. दरवर्षी पंधरा-वीस लाख टन तांदूळ तिकडून येई. हिंदुस्थानच्या एकूण तांदळाच्या तुलनेत हा भाग लहानच होता. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि तो बंद झाला.

इथे टक्क्याचे गणित नीट समजून घ्यायला हवे. शेतकरी पिकवतो ते सगळे बाजारात येत नाही. आधी तो घरच्यांसाठी ठेवतो, बियाण्याला ठेवतो, बलुतेदारांना देतो. बाजारात येतो तो उरलेला भाग. शंभर पोती पिकली आणि बाजारात तीसच आली, तर पाच पोत्यांची तूट ही शंभरातली पाच नसते. ती तिसातली पाच असते. टंचाईची कुणकुण लागली की मोठा शेतकरी आणि व्यापारी आणखी दोन-चार पोती मागे ठेवतात. मग तूट तिसातल्या दहाची होते. ज्यांची स्वतःची शेती नाही, जे रोज विकत घेऊन खातात, त्यांच्यावर ती सगळी कोसळते. शेतमजूर, कोळी, नावाडी, सुतार, न्हावी, विणकर अशी ही माणसे.

बंगालमध्ये नेमके हेच झाले. जपानी येतील या भीतीने सरकारने किनारपट्टीच्या जिल्ह्यांतले जादा धान्य हलवले आणि होड्या ताब्यात घेतल्या. होडी म्हणजे त्या नद्यांच्या मुलखातली बैलगाडी. ती गेली आणि बाजाराचे पायच तुटले. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरला चक्रीवादळाने झोडपले. युद्धाच्या खर्चाने कलकत्त्यात पैशाचा पूर आला होता. सरकारी नोकर आणि गिरणी-कारखान्यांचे कामगार यांना स्वस्त धान्य मिळावे अशी सोय झाली. युद्धसामग्रीचे उत्पादन थांबायला नको होते. खेड्यातल्या मजुराची अशी सोय कुणी केली नाही. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात मणाला तेरा-चौदा रुपये असलेला तांदूळ मे महिन्यात तीस रुपयांवर आणि ऑगस्टमध्ये सदतीस रुपयांवर गेला. मजुरी मात्र फारशी हलली नाही.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा ताळेबंद पुन्हा तपासला. त्यांच्या हिशोबाप्रमाणे १९४३ मध्ये बंगालमधला पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे पाच टक्के कमी होता, पण १९४१ पेक्षा तो जास्तच होता. आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. तूट याहून मोठी होती असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण तूट दुप्पट धरली तरी एवढ्या मृत्यूंचा हिशोब तिने लागत नाही. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाख सांगितला. नंतरचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. बाहेरून धान्य आणायला दिल्लीने जहाजे मागितली, लंडनने मागितली तितकी दिली नाहीत. आणि १८८० नंतर तयार झालेली ती दुष्काळ संहिता? दुष्काळ जाहीर केला तर संहितेप्रमाणे धान्य द्यावे लागेल, म्हणून तो जाहीरच केला गेला नाही.

जहाजातून थेट ताटात

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा पंजाबचे कालवे असलेला मोठा मुलूख पाकिस्तानात गेला आणि आपण धान्यासाठी हात पसरणाऱ्या देशांत जमा झालो. १९५१ साली अमेरिकेने वीस लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९५४ साली त्यांनी आपले वरकड धान्य स्थानिक चलनात विकण्याचा कायदा केला. 'पीएल ४८०' हे त्याचे नाव पुढे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत झाले. मे १९६० मध्ये आपले अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनला जाऊन मोठा करार केला. चार वर्षांत एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ, आणि तेही रुपयांत! डॉलरची चणचण असलेल्या देशाला हा सौदा फायद्याचा वाटला, यात नवल नाही.

या रुपयांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. गव्हाच्या बदल्यात अमेरिकेच्या खात्यात भारतातच रुपयांचे डोंगर साठले. त्यातल्या काही रकमेतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवली गेली. आज तिथल्या ग्रंथालयांत जुनी मराठी पुस्तके ओळीने दिसतात, त्यांतली बरीचशी या गव्हाच्या पैशाने गेलेली आहेत. १९७४ साली उरलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश अमेरिकेच्या राजदूतांनी भारत सरकारला परत दिला. तोवर लिहिला गेलेला तो सर्वांत मोठा धनादेश म्हणून गाजला.

पण स्वस्त धान्याची किंमत दुसऱ्या मार्गाने चुकवावी लागते, हे १९६५ साली कळले. १९६४-६५ मध्ये देशात आठ कोटी नव्वद लाख टन धान्य पिकले होते. पाऊस रुसला आणि पुढच्या वर्षी ते सात कोटी वीस लाखांवर आले. १९६६ मध्ये आपण एक कोटी टनांहून थोडे अधिक धान्य आयात केले, म्हणजे देशी उत्पादनाच्या सुमारे १४ टक्के. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकातला जवळपास पाचवा हिस्सा त्या काळात भारताकडे येत होता. एवढे आणूनही माणशी उपलब्धता वर्षभरात ४८० ग्रॅमवरून ४०८ ग्रॅमवर घसरली.

१४ टक्के हा आकडाही फसवा आहे. त्या वर्षी सरकारने देशातून खरेदी केलेले धान्य चाळीस लाख टनांच्या आसपास होते. म्हणजे रेशनच्या दुकानांतून जे वाटले जात होते, त्यातला मोठा भाग जहाजातून उतरलेला होता. मुंबई-कलकत्त्यातला चाकरमाना परदेशी गव्हावर जगत होता. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ही नस बरोबर सापडली. वर्षावर्षाचे करार बंद करून त्यांनी महिन्या-दोन महिन्यांपुरतेच धान्य सोडायला सुरुवात केली. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे हा त्यांचा एक हेतू होता. व्हिएतनामच्या युद्धावर भारताने केलेली टीका त्यांना झोंबत होती, हेही खरे. पुढचे जहाज निघाले की नाही, याची चौकशी दिल्लीत मंत्री करत बसले. लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि सोमवारी रात्री कित्येक घरांतली चूल आणि हॉटेले बंद राहू लागली.

त्याच काळात अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी १९६५ साली अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग उभे केले आणि १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. एक कोटी टन धान्याची आयात पोट भरून संपली. १८ हजार टनांच्या आयातीने मात्र देशाची शेतीच बदलली. आयात म्हटली की सगळी सारखी नसते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

बहात्तरचा महाराष्ट्र

बंगालच्या त्रेचाळीसला उत्तर द्यायचे झाले तर ते महाराष्ट्राच्या बहात्तरने दिले. १९७० पासून पावसाने ओढ दिलेली, आणि १९७२ मध्ये तर मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगली भागांत ज्वारी-बाजरीचे पीक जवळजवळ गेलेच. महाराष्ट्रातली माणशी धान्य-उपलब्धता त्या वर्षी अतिशय खाली गेली. ताळेबंदच पाहायचा तर महाराष्ट्राची अवस्था १९४३ च्या बंगालपेक्षा वाईट होती. इतर राज्यांतून धान्य आणायला सरकारी निर्बंध होते आणि रेशनवरचे धान्य पुरे पडत नव्हते. त्या दिवसांत आलेली परदेशी तांबडी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी अजूनही अनेकांच्या आठवणीत आहे.

तरीही बंगालसारखे मृत्यूचे थैमान महाराष्ट्रात झाले नाही. का? कारण सरकारने कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे. मे १९७३ मध्ये जवळपास पन्नास लाख माणसे या कामांवर होती आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. मजुरी तुटपुंजी होती, वेळेवर मिळत नसे, पण मिळत होती. हातात पैसा आल्यावर, निर्बंध असूनही, शेजारच्या राज्यांतून धान्य त्या पैशाकडे वाहत आले. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा सविस्तर अभ्यास करून हेच दाखवले आहे. दुष्काळ सोपा नव्हता. गुरे गेली, दागिने गेले, गावे उठून शहरात आली. पण १८८० च्या आयोगाला कळलेले आणि १९४३ च्या सरकारने विसरलेले सूत्र इथे पाळले गेले. वि. स. पागे यांनी पुढे नेटाने लावून धरलेल्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला, तो याच अनुभवाच्या बळावर.

आणि भरल्या गोदामांचा पुरावाही आपल्याकडे आहे. जुलै २००२ मध्ये सरकारी गोदामांत सहा कोटी टनांहून अधिक धान्य पडून होते. सरकार ते सवलतीच्या भावाने निर्यात करत होते, आणि त्याच सुमारास ओडिशातल्या काशीपूरसारख्या भागांतून भूकबळींच्या बातम्या येत होत्या. २००१ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. शाळेत शिजवलेले मध्यान्ह भोजन द्या, असा देशभरासाठीचा आदेश त्यातून निघाला आणि २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला.

आजचे तेल, आजचा कांदा

आता आपण वर्षाला ३३ कोटी टनांहून अधिक धान्य पिकवतो. २०२२-२३ मध्ये जगाच्या तांदूळ-व्यापारात आपला वाटा सुमारे ४० टक्के होता. बाजू उलटली, पण टक्क्याचा खेळ तोच राहिला. जगात पिकणाऱ्या तांदळापैकी जेमतेम दहा टक्के तांदूळ सीमा ओलांडतो. बाकीचा जिथल्या तिथे खाल्ला जातो. अशा अरुंद बाजारात मोठ्या विक्रेत्याने दार लावले की भाव लगेच भडकतात. जुलै २०२३ मध्ये भारताने साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, आणि आफ्रिकेतल्या आपल्या तांदळावर अवलंबून असलेल्या देशांना तो घाव बसला. १९६६ मध्ये जहाजाची वाट आपण पाहत होतो. २०२३ मध्ये आपल्या जहाजाची वाट दुसरे कुणी पाहत होते. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

खाद्यतेलात मात्र आपण अजून मागणारेच आहोत. १९८६ साली सुरू झालेल्या तेलबिया अभियानाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयात नावापुरती उरली होती. १९९४ पासून पामोलीनची आयात खुली झाली, खाणे वाढले, आणि आता निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीन-चार आठवडे बंद केली, तेव्हा आपल्या वाण्याच्या दुकानातला डबा महागला होता. याची दुसरी बाजू लातूर-वाशीमच्या सोयाबीनवाल्याला विचारा. बाहेरचे तेल स्वस्त आले की त्याच्या मालाला उठाव राहत नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली होता.

लासलगावच्या कांद्याचेही असेच आहे. देशात पिकणाऱ्या कांद्यापैकी दहा टक्क्यांच्या आतच कांदा परदेशी जातो. मग डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात निर्यात बंद केली तर शेतकऱ्याने एवढे का खवळावे, असे शहरातल्या माणसाला वाटले. पण बाजारात आवक उंबरठ्याला लागलेली असते तेव्हा शेवटची दहा पोती कुठे जातात, त्यावर उरलेल्या नव्वद पोत्यांचा भाव ठरतो.

म्हणून यापुढे वर्तमानपत्रात 'आयात इतकी वाढली' किंवा 'निर्यात बंद झाली' अशी बातमी वाचाल, तेव्हा टक्क्यावर थांबू नका. हा टक्का पिकलेल्या मालातला आहे की बाजारात आलेल्या, हे आधी विचारा. जहाज कुठल्या एकाच बंदरातून येते की दहा बंदरांतून, हेही विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भाव चढले किंवा कोसळले तर त्याचा भार कोण उचलणार आणि त्याच्या हातात काही पडेल अशी तरतूद कुणी केली आहे का, हे विचारा. सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी १८७७ साली गावोगाव हिंडून हेच विचारले होते. देशाची शिल्लक किती, हे सरकारला माहीत होते. गावातल्या मजुराच्या घरात काय शिजते, ते या मंडळींनी जाऊन पाहिले. हिशोबाची ती दुसरी वही आजही तितकीच लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)